मायोर्नाची मुलगी

कोळंबी सोलता सोलता गुन्नेलच्या अंगठ्यात काटा घुसला. तिने तो दातांनी ओढून काढला. समोर बसलेल्या उल्रिकाने हसून कागदी रुमाल पुढे केला. लेकीच्या होणाऱ्या सासूशी ही तिची पहिलीच भेट. लोंगेद्रागच्या या बंगल्याच्या बागेतून खाली शिडाच्या होड्यांच्या डोलकाठ्या दिसत होत्या.

"सान्नाने तुमच्या मायोर्नाबद्दल इतकं सांगितलंय," उल्रिका म्हणाली. "ती लाकडी घरं, अंगणातलं लायलॅकचं फुलझाड, करकरणारा जिना. मला तर हेवाच वाटतो. आमच्याकडे शेजारीसुद्धा वेळ ठरवून भेटतात."

"मायोर्ना?"

टेबलाच्या टोकाला सान्ना तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, हाम्पुसच्या ताटात बटाटे वाढत होती. तिने मान वर केली नाही.

"मी बिस्कोप्सगोर्डेनला राहते," गुन्नेल म्हणाली. "नदीपलीकडे."

उल्रिकाचं हसू तिथेच अडकून राहिलं. तिच्या नवऱ्याने, स्टाफानने, ग्लास खाली ठेवला.

"तिथे? मग अंधार पडल्यावर बाहेर पडता येतं का हो?"

त्याने टोमणा मारला नव्हता. मनापासून काळजीने विचारलं होतं. त्या काळजीनेच गुन्नेलचं डोकं फिरलं.

"का नाही पडता येत? जन्मभर या गावात ट्राम चालवली मी. तुमच्या भागातली माणसं उतरताना ड्रायव्हरकडे बघायचीसुद्धा नाहीत. मायोर्नातले दारात बाबागाडी अडकवायचे आणि वर मलाच भाषण द्यायचे. आमच्या स्टॉपवरची पोरं मात्र उतरताना ओरडून 'बाय' म्हणायची. पेपरात आमच्या भागाबद्दल येतं ते खोटं नसतं, पण तेवढंच नसतं ना. आणि भीती म्हणाल, तर मला वाटायची ती तुमच्या या होड्यांवरून पिऊन येणाऱ्या पोरांची. डबाभर ओकून ठेवायची मेली!"

हाम्पुस फस्सकन हसला. बापाचा चेहरा पाहून लगेच गप्प झाला.

"कॉफी टाकते," म्हणत सान्ना उठली. गुन्नेलही तिच्यामागोमाग आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार तिने पायानेच लोटलं.

"लाज वाटते माझी?"

"हळू बोल, आई."

"का हळू? लायलॅक म्हणे! ते तुझ्या आजीच्या अंगणातलं. उन्हाळ्यात आठ दिवस जायचीस तू मायोर्नाला. वाढलीस कुठे? त्या चौथ्या मजल्यावर कोणी वाढवलं तुला?"

सान्ना कॉफीचा डबा उघडत होती. झाकण निघेना. तिने तो ओट्यावर आपटला.

"शाळा संपल्यावर नोकरीसाठी किती दारं झिजवली मी, माहितीये? सगळं छान चालायचं. मग विचारायचे, राहतेस कुठे? सांगितलं की, 'बरं, कळवतो.' कोणी कळवलं नाही. शेवटी एका दुकानात आजीचा पत्ता सांगितला. त्यांनी विचारलं, सोमवारपासून येशील?"

"मला नाही सांगितलंस ते."

"काय सांगणार होते? तू केवढ्या तोऱ्यात सांगायचीस सगळ्यांना आपला पत्ता." सान्नाचा आवाज फाटला. "एकदा सांगितलं ते सांगितलं. मग तेच चालू राहिलं."

"हाम्पुसला तरी खरं सांगितलंस?"

सान्नाने मान हलवली. नाही.

गुन्नेलला काहीतरी फेकावंसं वाटत होतं, पण कोणावर, ते कळेना. तिने लेकीच्या हातातून डबा घेतला, ओल्या फडक्यात धरून झाकण काढलं आणि परत दिला. मग ती एकटीच बाहेर आली.

उल्रिका वाटच पाहत असावी. तिने खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारलं,

"गुन्नेल, सान्नाही मग तिथेच वाढली का? रागावू नका. आम्हाला फक्त माहीत असावं म्हणून."

गुन्नेलने तिच्याकडे पाहिलं. जिभेवर आलेलं उत्तर तिने गिळलं. कोळंबीची टरफलं ताटात एका बाजूला सारली.

"नाही," ती म्हणाली. "ती मायोर्नाची. मी तिकडे गेले ते नंतर."

उल्रिकाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिच्या मनगटावर हात ठेवला.

"वाटलंच मला. मुलीकडे बघूनच कळतं ना."

गुन्नेलने हात काढून घेतला नाही. त्याच वेळी तिला उल्रिकाच्या खांद्यामागे, बागेच्या पायरीवर, कॉफीचं भांडं घेऊन उभी असलेली सान्ना दिसली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

सान्ना खाली आली. भांडं टेबलावर ठेवलं. कोणाच्याही कपात कॉफी ओतली नाही.

"हाम्पुस, गाडी काढ. आईला सोडायला जायचंय."

"आत्ताच? केक राहिलाय अजून," उल्रिका म्हणाली.

"ट्राम स्टॉपपर्यंत ना?" हाम्पुसने विचारलं.

"नाही. घरापर्यंत. मी वाढले त्या घरी," सान्ना उल्रिकाकडे बघत म्हणाली. "नदीपलीकडे. रस्ता मी दाखवते."

स्टाफान केकची सुरी हातात धरून तसाच बसला. हाम्पुसने एकदा आपल्या आईकडे पाहिलं, एकदा सान्नाकडे. मग तो उठला आणि खिशात किल्ली चाचपू लागला.

गुन्नेलने पर्स उचलली. लेकीवरचा तिचा राग अजून गेला नव्हता. गाडीत सान्नाने तिच्यासाठी पुढची सीट सोडली होती, पण ती तिथे बसली नाही. मागे, सान्नाच्या शेजारी बसली.