मिऱ्यापुरतं कुंपण

सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, आग्रा रोडला अगदी लागून अभिमन आबांचं घर होतं आणि त्या घरात मिऱ्या नावाचं एक कुत्रं होतं. कुत्रं म्हणायचं ते लोकलाजेस्तव. काळंभोर, मुठीएवढं, भाकरीच्या टोपलीत झोपवलं तरी दोन भाकरींना जागा उरायची. पण अंगात वारं असं, की शेपूट हलवायला लागलं म्हणजे आबांच्या अंगणातला पाचोळा आपोआप शेजारच्या पुनाच्या दारात जाऊन पडायचा, आणि त्यावरून दोन्ही घरांची भांडणं व्हायची.

मिऱ्या तसा भागाबाईंचा, म्हणजे आबांच्या बायकोचा. आबा त्याला 'हाड' याखेरीज दुसरं काही म्हणत नसत. फक्त त्याच्या वाटीतलं दूध फार ऊन तर नाही ना, एवढं कुणी बघत नसताना बोट घालून बघत.

त्या उन्हाळ्यात एदलाबादला भागाबाईंच्या भावजयीचा हात मोडला. ऐन वाळवणाचे दिवस, ज्वारी भिजलेली आणि घरभराच्या बिबड्या, ते ज्वारीचे पापड, करणार कोण? भागाबाईंनी बोचकं बांधलं. धुळ्याकडे जाणाऱ्या लाल मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून त्या म्हणाल्या, "मी यीसू तवपावत मिऱ्या जिता ऱ्हावाले पाहिजे. नहीतं मी तठेच ऱ्हाई जासू."

"जाय, जाय," आबा म्हणाले. "कुत्रं संभाळाले काय वकिली शिकनी पडस?"

मोटार निघाली आणि मोटारीमागं मिऱ्या निघाला.

त्या दिवसापासून त्याला तो छंदच लागला. धुळे-शिरपूरची ती लाल मोटार येता-जाता आबांच्या घरापुढंच थांबायची, आणि मिऱ्या बाणासारखा सुटून नेमका चाकाशी. हाकणारा तोतारामभाऊ माणूस सज्जन. पण त्याची मोटार अशी, की ब्रेक सोनगीरला दाबला म्हणजे थांबायची ती नरडाण्याला. एकदा मिऱ्या मोटारीखाली एका बाजूनं गेला आणि दुसऱ्या बाजूनं निघाला. तोताराम घामाघूम होऊन खाली उतरला.

"आबा, मन्हा हातखाल हाई कुत्रं मरी एखाद दिन. वाडाले कुंपण करा. मन्हाघर बी लहान पोरे शेतस, मी त्यास्ले काय तोंड दखाडू?"

आबांना मोटारीच्या पायरीवरचं ते बोलणं आठवलं. भागाबाई बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती.

कुंपणाला आधी पऱ्हाट्या घेतल्या. कापूस वेचून झालेला, शेतातून पऱ्हाट्या उपटून आणलेल्या, फुकटचा माल. आबांनी त्या दाटीनं रोवल्या, आडव्या काठ्या लावून बांधल्या, आणि मिऱ्या दिवसभर आत राहिला. पण चार-सहा दिवसांत कुंपणाला चुलीच्या बाजूनं भगदाड पडलं. आबा भडकले. भल्या सकाळी पुनाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"पुना, मन्ह्या पऱ्हाट्या कोन चोरस?"

पुना दात घासत होता. त्यानं शांतपणे चूळ भरली. "आबा, भागाअक्का गयी, तशी तुम्हनी चूल कशावर पेटस?"

आबा घरात आले. चुलीत पऱ्हाट्या धगधगत होत्या आणि त्यांच्यावर चहा उकळत होता. जन्मभर भागाबाई जळणाला पऱ्हाट्या घेताना पाहिलेल्या. हातही झोपेत तिकडेच जात होता. अर्धं कुंपण आबांनी स्वतःच्या हातानं चहात घालवलं होतं.

मग बाभळीच्या काट्या आणल्या. पुनानं गाडीभर फांद्या तोडून दिल्या. असं कुंपण झालं, की वारासुद्धा आत येताना कण्हायचा. मोटारीचा भोंगा वाजला आणि मिऱ्या त्यातून सुईतून दोरा जावा तसा गेला. आबा त्याला धरायला मागं धावले. आबा रस्त्यावर पोचले, धोतर काट्यांत राहिलं. मोटारीतले सगळे लोक धुळं येईपर्यंत हसत होते म्हणतात.

तिसऱ्या खेपेला आबांनी कुंपणाचा नाद सोडला आणि मिऱ्याला खाटेच्या पायाला बांधून वर आपण दुपारचे आडवे झाले. डोळा लागला. जाग आली तेव्हा पाठीखाली खाट होती, वर ऊन होतं आणि समोर मोटारीचं नाक होतं. खाट आग्रा रोडच्या मधोमध. मिऱ्यानं ती आबांसकट ओढत आणली होती.

"आबा," तोताराम खिडकीतून म्हणाला, "शिरपूर जानं व्हई तं आत बसा. खाट टपवर टाकी देतंस."

आबांनाही हसू आलं, पण मोटारीच्या नाकाशी धापा टाकणारा तो काळा ठिपका पाहून त्यांनी खाटेआधी त्यालाच उचललं.

त्यांनी भिंतच घातली. शेताच्या बांधावरचे दगड वाहून आणले, माती कालवली, पुनाला हाताशी घेतलं. छातीएवढी भिंत, पायात मोठाले धोंडे. मिऱ्यानं उड्या मारून पाहिल्या, उकरून पाहिलं, धडका देऊन पाहिल्या. मोटार आली, थांबली, गेली, आणि कुत्रं आतच. आबांनी मिशीवर ताव दिला.

पण संध्याकाळी दुधाची वाटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. मिऱ्या भिंतीशी नाक लावून पडून होता आणि त्याचं शेपूट, जे पाचोळा उडवायचं, ते मातीत नुसतं पडलेलं होतं. आबांनी भाकरी कुस्करून दिली, गूळ दिला, 'मिऱ्या' म्हणून हाकसुद्धा मारली. मिऱ्यानं एकदा डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

आबा त्याच्याशेजारी मातीत बसले. रस्त्यानं कापसाच्या गाड्या गेल्या, मिऱ्या हलला नाही. कुणा साहेबाची काळी मोटार धूळ उडवत गेली, कानसुद्धा हलला नाही. मग लाल मोटारीचा भोंगा वाजला आणि ते एवढंसं अंग भिंतीला धडका देऊ लागलं. आबांना आठवलं, मोटार थांबली की मिऱ्या भुंकत नसे. दाराशी जाऊन उतरणाऱ्या एकेका माणसाचे पाय हुंगत असे.

"अरे येड्या," आबा पुटपुटले, "तू बी तिनीच वाट दखी ऱ्हायना का?"

'बी' म्हणून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या अंगणातून बघणाऱ्या पुनाच्या आलं, पण पुना भला माणूस, त्यानं तोंड फिरवलं.

आबांनी घरातला पाण्याचा चांगला माठ उचलला आणि अंगणात फोडला. त्याचा गळा अख्खा काढून घेतला, भिंतीत मिऱ्याच्या उंचीवर भोक पाडलं आणि गळा मातीत पक्का बसवला. डोकं बाहेर निघेल, धड निघणार नाही, इतकं ते माप जमलं होतं.

त्यानंतर मोटार आली म्हणजे भिंतीतून काळं मुंडकं बाहेर यायचं आणि उतरणारी माणसं निरखायचं. भिंतीवर, त्याच्या बरोबर वर, आबांचं पागोटं दिसायचं.

"आज बी नही उन्यात त्या!" तोताराम ओरडायचा.

"मी कोठे इचारं?" आबा वरून डाफरायचे. "कुत्रावर ध्यान ठेवी ऱ्हायनू."

मिऱ्या जेवू लागला. नुसता जेवू लागला नाही, त्याचं प्रस्थच वाढलं. मोटारीतल्या बायांना त्या मुंडक्याची माया यायची. कुणी शेव टाकी, कुणी गुळाचा खडा, कुणी अर्धी भाकरी. धुळ्याच्या बाजाराला जाणारी माणसं मिऱ्याचा वाटा वेगळा बांधून आणू लागली. आबाही मागं राहिले नाहीत.

आणि एका दुपारी मोटारीतून आधी बिबड्यांचं बोचकं उतरलं, मग भागाबाई उतरल्या.

मिऱ्यानं किंकाळी फोडली आणि भोकातून झेप घेतली. खाऊन खाऊन अंगाची सगळी चरबी झालेली. ती त्या जोरानं कशी कुणास ठाऊक दबली, पुढचा अर्धा मिऱ्या आग्रा रोडवर आला आणि पोटाशी अडकला. बाहेर भागाबाईंना चाटतोय आणि आत शेपूट आबांच्या तोंडावर फटके देतंय. भागाबाईंनी ओढलं, आबांनी ढकललं. हलेना.

"काय खावाडं हो याले? कुत्रं शे का सरकीनी गोणी?"

आबा घरात धावले. पहार आणली आणि ज्या भिंतीसाठी कंबर मोडून घेतली होती, ती धडाधड पाडायला लागले. पहारीच्या एका घावानं माठाचा गळा फुटला, मिऱ्या मोकळा झाला आणि भागाबाईंच्या लुगड्यात शिरला. मोटार अजून उभीच होती. आत कुणालाच घाई दिसत नव्हती.

धूळ खाली बसली. भागाबाईंनी पडक्या भिंतीकडे पाहिलं, आबांच्या फुटलेल्या हातांकडे पाहिलं.

"एवढी भिंत बांधी? याना साठे?"

"मंग काय मन्हासाठे?" आबा दगड गोळा करायला वाकले. "आते परत लावनी पडी."

"ऱ्हाऊ द्या भगदाड," भागाबाई म्हणाल्या. "आते कोन जाई ऱ्हायनं?"

आणि बोचकं आबांच्या हातात देऊन, मिऱ्याला काखेत मारून त्या त्याच भगदाडातून घरात गेल्या.