केबिनबाहेर एकच तोंड

आमच्या फंडात एक शिरस्ता आहे. केबिनमध्ये हवं तेवढं भांडायचं, पण गुंतवणूकदारांपुढे दोघांनी एकाच तोंडाने बोलायचं. तो मला रणधीरदादांनीच शिकवला. ते कळंबचे, तिथले बडे पुढारी आण्णासाहेब यांचे चिरंजीव. मी ढोकीची, साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी. मुंबईत आम्ही दोघं मिळून एकच फंड सांभाळायचो, ते वरिष्ठ, मी त्यांच्या हाताखाली. माझ्या बाबांना ते फोनवर 'काका' म्हणायचे, आणि त्या एका शब्दाने बाबा दिवसभर फुलून असायचे.

मागच्या वर्षी उसापासूनच्या इथेनॉलवरून आमची चांगलीच जुंपली. दादांना छोट्या साखर कंपन्यांचे शेअर भरभरून घ्यायचे होते. मी म्हटलं, "हा धंदा सरकारच्या एका आदेशावर उभा आहे. आज परवानगी आहे, उद्या नसेल. आणि भाव पडायला लागले की एवढ्या लहान कंपन्यांचे शेअर घेणार कोण?"

ते हसले. "तू फार घाबरतेस, वृषाली. बाजारात पैसा येतोय तोवर घ्यायचं."

खरेदी झाली. मी बाहेर चकार शब्द काढला नाही. पुढे नियम फिरला, भाव कोसळले आणि विकायला गेलो तर घेणारा नाही.

"कळंबला मेळावा घेऊ," दादा म्हणाले. "आपलीच माणसं आहेत. काकांनाही बोलाव, त्यांच्या मंडळींसकट."

बाबांच्या शब्दावर त्यांचे निवृत्त सोबती आणि विहारातली काही घरं आमच्या फंडात आली होती. त्या लोकांत बाबांना मान होता आणि तो माझ्यामुळे जाईल, याची मला धास्ती होती. अडचणीत दादा माणसं टाळत नाहीत, याचं कौतुकच वाटलं. काय बावळट होते मी!

गाडीत येरमाळ्यापर्यंत आमची चर्चा चालली. उरलेले शेअर मिळेल त्या भावाला काढायचे की पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं, लहान कंपन्यांबाबत नियामक आता काय नवीन विचारेल, एवढंच. चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "लक्षात आहे ना? एकच तोंड." मी मान हलवली.

मंगल कार्यालय भरलं होतं. आण्णासाहेब पुढे सोफ्यावर, बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात मागच्या खुर्चीवर. बाबांचे कारखान्यातले सोबती हरिबाकाका उठले आणि त्यांनी सरळच विचारलं, "सायेब, हे साखरंचं शेअर घ्यायचं कुणी ठरवलं?"

'आम्ही दोघांनी' म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादांनी माईक घेतला. "वृषालीताई ढोकीच्या लेक. ऊस त्यांच्या दारातला. त्या ठाम होत्या. मी विश्वास ठेवला, एवढीच माझी चूक."

म्हणून कळंब! म्हणून बाबांना आमंत्रण! मुंबईच्या ऑफिसात हे कुणाला पटलं नसतं. इथे ढोकीचं नाव पुरेसं होतं.

मी माईककडे हात केला, पण त्याआधीच बाबा हात जोडून उभे राहिले होते. "मंडळी, लेकीचं चुकलं असंल तर म्या माफी मागतो. तुमी माझ्याकडं बघून आलाव."

"असू द्या, कोंडिबा," रणधीर माईकवरून म्हणाला. "बसा खाली."

मी माईक हिसकावला. "निर्णय यांचा होता. मी विरोध केला होता."

तो लोकांकडे बघून हसला. "बघा, आता खापर माझ्यावर!" पुढच्या रांगेत हशा पिकला. आण्णासाहेबांनी पंगत बसवायला सांगितली आणि लोक उठले.

बाबा जेवले नाहीत. आम्ही एसटी स्टँडवर ढोकीच्या गाडीची वाट बघत बसलो. मी रागाने रडत होते. "बाबा, खरंच मी नको म्हणाले होते."

"ठावं हाय मला."

"मग माफी का मागितलीत?"

"ती मान्सं तुझ्या हपिसाकडं बघून आली न्हाईत. आता गावात त्यांच्यापुढं मलाच जायचं हाय."

गाडी लागली. लोक चढू लागले, पण बाबा उठले नाहीत. सदऱ्याची बाही सारखी करत राहिले. मग हळूच म्हणाले, "फोनवर काका म्हणायचा गं त्यो."