माहेरचा ओवा

"कुठचा ओवा आहे गं हा? आपल्या डब्यातला तं नाई." सासूबाईंनी पुरचुंडी नाकाशी धरली. "वास तं पाहा, किती झणझणीत!"

ओसरीवर शेजारच्या चार बायका बसल्या होत्या. तीन दिवस घरघरणारा माझा तान्हा गोवर्धन मांडीवर शांत झोपला होता.

"माहेरचा," मी म्हणाले.

एवढंच. आज हिवरखेडात मला चार माणसांत मान आहे, सुना माझ्या शब्दाबाहेर नाहीत. पण तो शब्द आठवला की बसल्या जागी कान तापतात.

ओवा चतुराबाईचा होता. आधीच्या उन्हाळ्यात, छप्पन साली, गोवर्धन तिच्याच हातावर जन्मला. अडलेली बाळंतीण सोडवावी तर चतुराबाईनंच, हे सासूबाईही कबूल करायच्या. फक्त तिनं मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं आणि ती गेली की आम्ही खोली सारवून घ्यायची. दसऱ्यानंतर तिच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिनं आमच्याकडे निरोप पाठवला, यापुढे बोलवायचं तर पुढच्या दारानं बोलवा. "मंग नोको येऊ म्हना," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

पौषात गोवर्धनची छाती भरली. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरचं औषध पोटात ठरेना. घरातला ओवा जुना, भुशासारखा झालेला. सासूबाई तुरीच्या शेतात गेल्याचं पाहून मी पोराला पदराखाली घेतलं आणि चतुराबाईचं घर गाठलं.

तिनं एक प्रश्न विचारला नाही. चुलीवर तवा ठेवला, परसातला ओवा भाजला, धुतल्या फडक्यात बांधला.

"आंधी आपल्या गालाले लावून पाह्य. तुले चटका बसला तं लेकराले बी बसते. अन् नाकाजवळ नोको नेऊ, छातीवरच फिरव. हलक्या हातानं."

ती शेकत राहिली. घर ओव्याच्या वासानं भरलं. बऱ्याच वेळानं पोराचा श्वास मोकळा झाला आणि तो तिचं बोट धरून झोपला. मी रडायलाच लागले.

"काय देऊ तुमाले, चतुराबाई?" आयुष्यात पहिल्यांदा मी तिला 'तुमी' म्हटलं होतं. गरज होती ना!

"काई नोको." तिनं उरलेला ओवा माझ्या ओटीत घातला. "कोनी इचारलं तं माह्यं नाव सांगजो. लपवू नोको. बस."

"सांगीन," मी म्हणाले. खोटं सांगत नाही, त्या वेळी मी खरंच सांगणार होते. पण घरी त्या चार बायका आणि सासूबाईंचा तो चेहरा समोर आला, अन् माझी जीभ परस्पर माहेरी जाऊन आली.

आठ दिवसांनी चतुराबाई आली. पुढच्या फाटकातून, भर सकाळी, दीक्षेचं पांढरं लुगडं नेसून. अंगणात उभी राहून तिनं विचारलं, "लेकरू कसं आहे?"

सासूबाई खुशीत होत्या. "एकदम चांगलं! हिच्या माहेरचा ओवा लय गुणाचा निंगाला. थांब, तुले बी देतो मूठभर. तुह्या कामी येईन." त्या आत गेल्या.

चतुराबाईनं माझ्याकडे पाहिलं. अंगणात आम्ही दोघीच होतो. ती नुसती थांबली. मला तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. मी गोवर्धनचं नाक पुसू लागले. नाक कोरडं होतं.

सासूबाई मूठ भरून आल्या. शिवाशीव नको म्हणून हात उंच धरला. "पदर कर."

चतुराबाईनं पदर पुढे केला नाही. त्या मुठीकडे तिनं क्षणभर पाहिलं. स्वतःच्या परसातले दाणे तिला ओळखू येत नव्हते थोडेच!

"राहू द्या," ती म्हणाली. "लेकराले लागंन. थंडी आहे आजून."

आणि आली तशी, सावकाश, पुढच्या फाटकातून निघून गेली.

"पाह्यलं?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आपुन चांगलं द्याले जावं, तं हे असं. माज आला, दुसरं काय!"

"हो ना," मी म्हणाले.