हिची बॅग

बाईमाणसाच्या बॅगेला पोलीस हात लावत नाही, हे लक्ष्मीचंद पटलेनं देवरीच्या पुढच्या नाक्यावर आयुष्यभर पाहिलेलं होतं. छत्तीसगडाकडून आलेली जीप थांबवायची, पुरुषांच्या थैल्या उलट्यापालट्या करायच्या आणि बायकांच्या मांडीवरच्या पिशव्यांकडे नुसतं बघून "चला" म्हणायचं, अशी तिथली रीत. त्या पिशव्यांतून काय काय पार झालं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक. म्हणून पिकांच्या औषधांच्या कंपनीनं जिल्ह्यातल्या कृषी केंद्रवाल्यांना, म्हणजे लक्ष्मीचंदसारख्या दुकानदारांना, जोडीनं जहाजाच्या सहलीला न्यायचं ठरवलं, तेव्हा लक्ष्मीचंदनं तीच रीत वापरली. जहाजावरची दारू भारी महाग, एका पेगापायी धानाचं पोतं जातं, असं त्याच्या दोस्तांनी त्याला सांगितलं होतं. त्यानं मोहाची पहिल्या धारेची दारू कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्यांत भरली आणि बायकोच्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांमध्ये, शेव-पापडीच्या डब्याखाली घुसवून दिली. तिला विचारलं नाही. विचारायचं कशाला? बायकोही घरची आणि बॅगही घरची.

आणि बायको कोण, तर कुंताबाई. सालेकसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात शाळेच्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान होतं. ते उठवायला जिनं दारोदार फिरून बायकांच्या सह्या गोळा केल्या, अर्ज दिले, तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, ती कुंताबाई. अखेर मतदान लागलं होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं, एक उभी, एक आडवी. गावातल्या मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. सहलीहून परतलं की लगेचच्या आठवड्यात मतदान होतं, म्हणून ती येत नाही म्हणत होती. पण बायकांनीच तिला लोटलं. "जा जी बाई, समुद्र पाहून या. आमाले कोन नेते?" असं ओमेश्वरी म्हणाली. ओमेश्वरीच्या नवऱ्यानं दारूपायी दुभती म्हैस विकली होती आणि अर्जावर पहिली सही तिची होती.

तर मुंबईचं बंदर. गोंदिया जिल्ह्यातले डीलर आणि त्यांच्या बायका रांगेत, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या पिवळ्या टोप्या. बॅगा एका पट्ट्यावरून यंत्रात जात होत्या आणि पलीकडून निघत होत्या. कुंताबाईची बॅग मात्र निघाली ती बाजूला काढून ठेवली गेली. नाक्यावरच्या पोलिसाला जो संकोच वाटायचा तो इथं वाटायचं कारणच नव्हतं, कारण बॅग उघडायला वर्दीतली बाई होती. तिनं डबा काढला, साड्या काढल्या, एक बाटली काढली, दुसरी काढली. झाकण फिरवून तिनं नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ये क्या है?"

मुंबईच्या त्या पोरीला वास ओळखता आला नाही, पण रांगेतल्या एकूण एक माणसाला आला. मोहाचा वास झाडीपट्टीत जन्मलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. आधी एक जण फिसकला, मग सगळी रांग हसायला लागली. कुंताबाईच्या साड्या परक्या टेबलावर पसरल्या होत्या, आतले कपडेसुद्धा, आणि लोक हसत होते.

"बैग किसका है?" वर्दीतल्या बाईनं विचारलं.

कुंताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. बाटल्या कोणी ठेवल्या ते तिला वास येताक्षणी कळलं होतं. तो आता पुढे होईल, "मेरा है मॅडम" म्हणेल, चार शब्द ऐकून घेईल, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या ताटात पहिली पोळी वाढली, त्याच्याबद्दल एवढं वाटू नये का?

लक्ष्मीचंदनं टोपी पुढे ओढली आणि म्हणाला, "इसका है. हिची बॅग आहे."

तेवढ्यात आमगावच्या मुन्नालालनं मोबाइल वर धरला आणि फोटो काढला. हा मुन्नालालही डीलरच, पण कुंताबाईच्या गावातलं ते दारूचं दुकान त्याच्या सख्ख्या साळ्याचं. कुंताबाई, पुढ्यात दोन बाटल्या, मागे हसणारी तोंडं. असा फोटो त्याला लाख रुपये देऊन मिळाला नसता, तो लक्ष्मीचंदनं फुकट दिला.

दारू जहाजवाल्यांनी ठेवून घेतली. शेवटच्या दिवशी परत न्या म्हणाले. कुंताबाईनं नको म्हणून सांगितलं आणि साड्या कोंबून बॅग बंद केली.

केबिन म्हणजे काय, आपल्याकडची धानाची कोठी बरी. दोन पलंग, एक न उघडणारी खिडकी, आणि भांडायचं म्हटलं तर हात झटकायला जागा नाही. दार लागलं तशी ती उसळली.

"काऊन सांगतलं तुमी, हिची बॅग आहे म्हनून?"

"तं का सांगू? बॅग तुयीच होती ना."

"बॅग मायी. बाटल्या कोनाच्या?"

"हळू बोल ना. बाजूच्या खोलीत आयकू जाते."

"बाजूच्या खोलीत तुमचे दोस्त पिऊन राहिले! त्याईले आयकू गेलं तं का बिघडलं?"

ते खरंच होतं. कोणी खोबरेल तेलाच्या डब्यात आणली होती, कोणी गुळण्या करायच्या हिरव्या औषधाच्या बाटलीत. त्यांचं यंत्राला कळलं नाही. प्रत्येक केबिनमध्ये घरून आणलेली दारू वाहत होती आणि जहाजभर बोभाटा झाला होता तो जिनं जन्मात थेंबाला तोंड लावलं नाही तिचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

लक्ष्मीचंद पलंगावर बसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे पाय कुंता, कंपनीचा सायब मांगंच उभा होता. माया नाव आलं असतं तं इज्जत गेली असती. धंद्याचा मामला आहे. तू बाईमानूस, तुले कोन का करते? हसून सोडून देतेत."

"हसले," कुंताबाई म्हणाली. "सोडलं कोनं?"

आणि सोडलं नाहीच. सकाळी नाश्त्याला गेली तर मुन्नालाल चहाचा कप उंच धरून म्हणतो, "काय भाभी, अकेले अकेले? आमाले सांगतलं असतं तं गिलास घेऊन आलो असतो." सगळं टेबल हसलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तोही हसत होता. मोठ्यानं नाही, जरासं, लोकांच्या हसण्याला हातभार म्हणून. त्या हसण्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्र चारही बाजूंना होता, पण सहल संपेपर्यंत तिनं त्याकडे एकदा धड पाहिलं नाही. इकडे शेवटच्या दिवशी लक्ष्मीचंद, जिथं बाटल्या ठेवून घेतल्या होत्या, त्या खिडकीशी घुटमळताना दिसला. "ते आलं तं मी घरी येत नाही," एवढंच ती म्हणाली, तेव्हा हलला.

गावात उतरण्याआधी फोटो उतरला होता. स्टुडिओतून मोठा करून, दारूच्या दुकानाच्या दारालाच चिकटवलेला. खाली लिहिलं होतं, पहिले घरातली आडवी करा, मग गावातली. पिणारे पोट धरून हसत होते. न पिणारेही थांबून वाचत होते.

बायका बदलल्या. हापशीवर ती गेली की बोलणं थांबायचं. घरोघर फिरायला जिच्यासोबत पाच-सहा जणी असायच्या, तिच्यासोबत एकही निघेना. कोणाच्या घरी पाव्हणे आले, कोणाचं अंग दुखायला लागलं. ओमेश्वरी मात्र सरळ दारात येऊन उभी राहिली.

"बाई, खरं सांगा. बाटल्या कोनाच्या?"

कुंताबाईच्या ओठांवर नाव आलं होतं. पण तिनं ते गिळलं, भीतीनं नव्हे. आज तिनं नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर उद्या दुकानवाले म्हणाले असते, पाहा, पकडली गेली तर नवऱ्यावर ढकलते. ज्यानं खोटं सांगितलं त्याच्याच तोंडून खरं निघालं तर त्याला किंमत. ती म्हणाली, "ग्रामसभेले ये. ज्याच्या आहेत तो सांगन."

घरी तिनं नवऱ्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, पाहू. दुसऱ्या दिवशी म्हणाला, लोक विसरतील. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, खताच्या पोत्यावर बसकण मारली आणि म्हणाली, "येता का ग्रामसभेले, का मी येथंच विचारू?" तो येतो म्हणाला.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. मतदानाची माहिती द्यायला तालुक्याहून साहेब आले होते, त्यांच्यासाठी झेंडूचा हार तयार ठेवला होता. साहेबांनी मतदान कसं करायचं ते समजावलं आणि विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? कुंताबाई उठली.

"मले विचाराचं आहे. सायबाले नाही, मांगं बसले त्याईले. संजूचे बाबा, उभे राहा. जहाजावरच्या बाटल्या कोनाच्या होत्या?"

माना मागे वळल्या. लक्ष्मीचंद उभा राहिला आणि मिठाची गुळणी धरून राहिला. ती बसली नाही. सरपंच भैय्यालाल "जाऊ द्या जी, घरचा मामला घरी" म्हणाले, तरी ती बसली नाही. उन्हात ती तशीच उभी. कोणाचं तरी लेकरू रडलं, त्याला उगी केलं, तरी ती उभीच. शेवटी लक्ष्मीचंद पुटपुटला.

"मोठ्यानं!" कुंताबाई म्हणाली.

"मायी होती. दारू मीच भरली, मीच ठेवली. हिले मालूम नव्हतं. चुकलो मी."

कुंताबाईच्या छातीवरचा दगड उतरला. उतरला तो पापणी लवेपर्यंत. कारण पुढच्याच क्षणी पुरुषांच्या बाजूनं टाळी वाजली. मग दुसरी. मग धडाधड.

"वा! याले म्हनतात मानूस," भैय्यालाल सरपंच गहिवरून म्हणाले. "भर सभेत चूक कबूल कराले वाघाचं काळीज लागते! गावानं याचा आदर्श घ्यावा. मी तं म्हनतो, दारूबंदीच्या कामात लक्ष्मीचंदजींलेच म्होरं करा. चार लोक त्याईचं आयकतीन." साहेबही मान हलवत होते. भैय्यालालनी साहेबांसाठी आणलेला हार उचलला आणि लक्ष्मीचंदच्या गळ्यात घातला. बायकांमध्येसुद्धा दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. किती मोठ्या मनाचा म्हणे.

आणि लक्ष्मीचंद! त्यानं हात जोडले, मान लववली आणि हारातून बायकोकडे पाहून असा हसला, की बघ, झालं ना सगळं नीट? त्याला खरंच वाटत होतं की झालं.

कुंताबाईला वाटलं, ओरडावं. वाटलं, तो हार हिसकून पायाखाली घ्यावा. पण ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"हार कायचा जी, सरपंच? यानं आज जे सांगतलं ते त्याच दिवशी सांगाचं होतं. तेव्हा जीभ उचलली नाही. मायी बॅग सांगतली. वरसभर घरोघर फिरली मी, वरून लोकाईचं हसनं आयकलं, दुकानाच्या दारावर टांगली गेली. मले कोनं फूल देल्लं नाही, अना म्या मांगतलंही नाही. यानं एक खरं बोललं, तेही उभं करून बोलवावं लागलं, तं याले हार? अना दारूबंदीचा म्होरक्या बी हाच?"

साहेबांनी कागद चाळायला घेतले. टाळ्या वाजवणारे हात कोणी खिशात घातले, कोणी मांडीखाली.

मग बायकांमधून ओमेश्वरी उठली. ती कुंताबाईकडे आली नाही, सरळ पुरुषांच्या बाजूला गेली. लक्ष्मीचंदसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काढा जी भाऊजी."

लक्ष्मीचंदनं हार काढला. तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना. त्यानं तो बायकोपुढे धरला.

"मले नोको," कुंताबाई म्हणाली. "दुकानाच्या दारावरचा माया फोटो उखडून आना. तुमच्या हातानं. आत्ता."

तो हार हातात घेऊनच निघाला. त्याच्या मागून पुरुष उठले नाहीत. बायका उठल्या, एकेक करून, नीट पाहायला.