पडद्यामागची राखाडी बटणं

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, की फडताळात ठेवता येत नाही. तरी मी पेटीच आहे, आणि चांगली जुनी आहे. माझ्यात खिळे नाहीत, हातोडी नाही. माझ्यात आहेत खिडक्या, बटणं, चौकटी आणि सरकत्या पट्ट्या. संगणकाला हुकूम देण्याच्या ज्या भाषा असतात, त्यांतल्या एका भाषेची मी सोबतीण. त्या भाषेत लिहिणाऱ्याला पडद्यावर बटण हवं झालं, की तो माझं झाकण उघडतो आणि मी ते काढून देते. एवढंच माझं काम.

माझा जन्म फार दूरच्या एका विद्यापीठात झाला. तेव्हा पुष्कळशा संगणकांचा पडदा म्हणजे काळी पाटी असायची. तिच्यावर अक्षरं उमटवायची आणि अक्षरांतच उत्तर घ्यायचं. एक खिडकी उभी करायची तर माणसं मेटाकुटीला यायची. मी आले आणि सकाळी मनात आलेली खिडकी दुपारच्या चहाआधी पडद्यावर दिसू लागली. केवढं कौतुक झालं माझं! प्रयोगशाळांत राबले, कारखान्यांत राबले. एकाच वेळी हजारो घरी नांदायची सोय आमच्या जातीला आहे. त्यामुळे एका घरी रुसवेफुगवे झाले, तरी दुसऱ्या घरी सण चालूच असायचा.

मग नव्या पेट्या आल्या. त्यांच्या बटणांना गोल कोपरे होते, खाली मऊ सावली पडायची. माझी बटणं आपली चौकोनी आणि राखाडी. तरुण पोरं मला पाहून म्हणायची, "ही कुणाच्या पणजीची रे?" मला कुणी फेकून दिलं नाही, पण कुणी उघडलंही नाही. रुखवतातल्या भांड्यासारखी मी भाषेच्या गाठोड्यात बांधलेलीच राहिले.

आता एका घराची गोष्ट सांगते. तैवानमध्ये हुवेई गावी ल्याव कुटुंबाचा बाहुल्यांचा खेळ आहे. लाकडी डोकं, रेशमी झगा आणि झग्याच्या आत माणसाचा हात. हात आजोबांचा. घरात नातू आल्यापासून त्यांना सगळं गाव आकोंग म्हणतं आणि त्यांच्या बायकोला आमा, म्हणजे आजी. शूर योद्धा, लाजरी नवरी, कपटी सेनापती, वेंधळा विदूषक, सगळ्यांचे आवाज आकोंग एकटेच काढायचे. सेनापती हसला की देवळासमोरची कुत्री उठून पलीकडच्या गल्लीत जायची.

पण इतकी वर्षं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, आता कुजबुजायचंही नाही. हात मात्र होते तसेच चपळ. तेव्हापासून घरात काही सांगायचं झालं की आकोंग विदूषकाची बाहुली हातात चढवतात. ती मान डोलावते, कपाळावर हात मारून घेते आणि आमा चिडली की चहाच्या किटलीमागे लपते.

भूमिदेवाचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी देवळासमोर ल्यावांचाच खेळ व्हायचा. देवळाचे कारभारी त्साय घरी येऊन बसले. चहा झाला, शेंगदाण्याची वडी झाली, तरी मुद्द्यावर येईनात. शेवटी म्हणाले, "आकोंगचा आवाज गेला, वाईट झालं. पण देवाचा वाढदिवस मुक्यानं कसा करायचा? बैकांग गावची गाण्याची गाडी मोकळी आहे. दिवे लागतात, दोन पोरी नाचतात..."

"नाचतील हो," आमा म्हणाली. "भूमिदेवाची दाढी बघा आणि त्या पोरी बघा. कशाला म्हाताऱ्या देवाला घाम फोडता?"

त्साय हसले, पण लगेच गंभीर झाले. "मला खेळच हवाय, आमा. पण खेळ होणार असेल तर. एकदा गाडी आली की लोकांना तिचीच गोडी लागेल. मग पुढच्या वर्षी मी तरी कुणाला काय सांगू?"

आकोंगच्या हातातल्या विदूषकानं मान खाली घातली.

घरात एक सून होती, पेइयुन. बाळ व्हायच्या आधी ती शहरातल्या कचेरीत संगणकाचे हुकूम लिहायची. आता तिचं लिहिणं दौदौच्या झोपेवर अवलंबून होतं. दौदौ म्हणजे तिचा लेक, नुकता धरून धरून उभा राहू लागलेला. तो दुपारी डोळे मिटायचा, ती लॅपटॉप उघडायची. तो कुशीवर वळला की हिचा हात पाळण्यावर. अशा चोरलेल्या दुपारींत तिनं घरातल्या जुन्या कॅसेटी ऐकल्या आणि आकोंगच्या आवाजातलं एकेक वाक्य, एकेक हसू, एकेक हुंदका वेगळा काढला. अख्खी कॅसेट लावून भागणार नव्हतं. आकोंग एकच खेळ दोनदा सारखा कधी करतच नाहीत. लोक हसले तर बाहुली थांबते, लोक पेंगले तर मारामारी लवकर येते. आवाजानं हाताच्या मागं मागं चालायला हवं होतं. आणि तो हात आता कुठं वळणार हे ओळखावं आमानंच. सगळा संसार तिनं त्याच पडद्यामागं झांज वाजवत केला होता.

पहिली तालीम काळ्या पाटीवर झाली. वाक्याचा आकडा टाइप करायचा की आवाज यायचा. आकोंगनी सेनापती पुढं आणला. त्यानं तलवार उपसली, पाय आपटला आणि नाजूक आवाजात विचारलं, "अगं बाई, मी बरी दिसते ना?"

आमानं नवरीचा आकडा दाबला होता.

आकोंगचा मुलगा, म्हणजे पेइयुनचा नवरा बोहान, टॉवेलच्या कारखान्यातून नुकताच परतला होता. तो हसून हसून भिंतीला टेकला. "आई, सेनापतीचं लग्न ठरवलंस की काय?"

"हस मेल्या," आमा म्हणाली. "त्या पाटीवर मला मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. पेइयुन, मला बाहुलीचं तोंड दाखव, मी त्यावर बोट ठेवीन. मी माणसं तोंडावरून ओळखते, आकड्यावरून नाही."

म्हणजे बटणं हवी होती. प्रत्येकावर एक चेहरा. आणि बटणांच्या पेट्या पेइयुनसमोर तीन होत्या. एक भलीमोठी, जगातलं सगळं येणारी, पण बोहानच्या कॉलेजच्या दिवसांतल्या, पडद्याला बोट लावून चालणाऱ्या लॅपटॉपला धाप लावणारी. दुसरी नवी, देखणी, सावल्यांची. तिसरी मी. पेइयुननं तिघींची चित्रं आमाला दाखवली. मुली पाहायला आल्यासारखी आमा चष्मा वरखाली करत राहिली. माझ्यावर तिची नजर टिकली नाही.

"मला काय कळतंय," ती म्हणाली. "देवालाच विचारते."

खेळवाल्यांचा देव थ्येनदू, त्याची मूर्ती घरातच आहे. त्याच्यापुढं कौल लावतात तो चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी तुकड्यांचा. एक बाजू सपाट, एक फुगीर. खाली टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर पडला तर देवाचा हो. दोन्ही फुगीर तर नाही. दोन्ही सपाट पडले तर देव हसला. आमानं उदबत्ती लावली आणि प्रत्येकीचं नाव घेऊन कौल टाकले. मोठीला नाही आला. माझ्या वेळी देव हसला. मित्रांनो, तरुण पोरांचं हसणं मी सोसलं होतं. पण देवसुद्धा? देखणीला मात्र ओळीनं तीनदा हो आला. तीनदा हो म्हणजे पक्कं.

दौदौ झोपल्यावर पेइयुननं देखणीला बोलावलं. ती एकटी येईना. तिच्यासोबत मावशी हवी, मावशीसोबत मावसभाऊ हवा, असं अख्खं वऱ्हाड उतरू लागलं. सगळे आल्यावर देखणी म्हणाली, तुमची भाषेची आवृत्ती जुनी आहे, नवी आणा. नवी आवृत्ती म्हणाली, हा लॅपटॉपच जुना आहे, मी इथं राहणार नाही. पेइयुननं पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा बोलावलं. उत्तर तेच. दुपारी अशाच जात राहिल्या आणि देवळासमोर मांडवाचे बांबू येऊन पडले.

"आमा, आपण ती राखाडी घेऊ या," पेइयुन म्हणाली. "साधी आहे, पण इथं नांदेल."

"कौल मोडू?" आमानं कानांवर हात ठेवले. "देवाच्याच दिवशी देवाला खोटं पाडू? त्यापेक्षा गाडी येऊ दे. नाचू देत त्या पोरी!" बोलता बोलता ती पाठ फिरवून बसली. आकोंगचा विदूषक हळूच तिच्या खांद्यावर जाऊन बसला. तिनं त्याला झटकलं नाही.

पेइयुन बराच वेळ दौदौला थोपटत राहिली. संगणकाचं आणि तिचं नातं जुनं. आपण विचारू तेवढ्याचंच उत्तर तो देतो, आपल्या मनातल्याचं देत नाही, हे तिनं पुष्कळदा भोगलं होतं. तिनं विचारलं, "आमा, तुम्ही देवाला नेमकं काय विचारलंत?"

"काय म्हणजे? तिघींत सगळ्यांत चांगली कोण, ते."

"मग देव खोटं कुठं बोलला? सगळ्यांत चांगली तीच आहे. आपल्या घरी, आपल्या जुन्या लॅपटॉपवर, तुमच्या बोटाखाली कोण चालेल, हे तुम्ही विचारलंतच कुठं?"

आमानं चष्मा कपाळावर चढवला. मग एकदम म्हणाली, "अगं बाई! माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं. देवापुढं पत्तासुद्धा पुरा सांगावा म्हणायची, नाहीतर आशीर्वाद शेजारी जातो." विदूषकानं कपाळावर हात मारला. "तुम्ही नका शिकवू," आमा त्याला म्हणाली आणि हात धुवायला उठली.

या खेपेला तिनं देवाला सगळं सविस्तर सांगितलं. गाव, गल्ली, लॅपटॉपचं वय, स्वतःच्या चष्म्याचं सुद्धा. मग माझं नाव घेतलं. कौल पडले. हो. पुन्हा हो. तिसऱ्यांदा एक तुकडा फुगीर पडला, दुसरा कडेवर गिरक्या घेत राहिला, आणि मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला. सपाट पडला. हो!

मी निघाले. पण मित्रांनो, मीही दारातच अडखळले. लॅपटॉपवर भाषेचं गाठोडं उतरवताना बोहाननं जागा वाचवायला मला वगळलं होतं, पेइयुननं मला परत आणलं, ते एक वेळ ठीक. खरी अडचण पुढंच होती. लॅपटॉपमधल्या ज्या कप्प्यात मला राहायचं होतं, त्याला बोहाननं घरच्या बाहुल्यांच्या मंडळाचं पूर्ण नाव दिलं होतं. पुजाऱ्यानं मुहूर्त पाहून काढून दिलेलं, भरभराटीचं, घरच्या लिपीतलं लांबलचक नाव. मी पडले जुनी आणि परदेशी. पत्ता वाचताना मला मोजकी इंग्रजी अक्षरंच कळायची. मी आपली ओरडत राहिले, "सापडत नाही, सापडत नाही." माझा निरोप पेइयुननं नीट वाचला, तर मंडळाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उभी होती.

ती इतक्या जोरात हसली की दौदौ उठला. त्याला कडेवर घेऊन, एका हातानं, तिनं नवा कप्पा केला. नाव दिलं एका इंग्रजी अक्षराचं. आणि मी आत गेले.

"मंडळाचं नाव काढलंस?" आमा दचकून म्हणाली.

"काढलं नाही, वर चढवलंय. बघा." माझ्या खिडकीच्या माथ्यावर तेच नाव घरच्या लिपीत झळकत होतं. पत्त्यात मी ते वाचू शकले नव्हते. कपाळावर मात्र झोकात मिरवू शकत होते. आमानं पडद्याला नमस्कार केला.

भूमिदेवाच्या वाढदिवशी दुपारी मालमोटारीवरचा रंगमंच उघडला. पुढं खुर्च्या, पोरं, म्हाताऱ्या, मागच्या रांगेत हाताची घडी घालून त्साय. पडद्यामागं आकोंग आणि त्यांच्या कोपराशी आमा. एका हातात झांज, दुसरा माझ्यावर. तिनं योद्ध्याच्या तोंडावर बोट ठेवलं आणि आकोंगचा आवाज, भरदार, तिशीतला, देवळाच्या छपरावरून घुमत गेला.

आकोंगचा हात जागीच थांबला. बाहुली तशीच उभी राहिली. आमानं पुढचं बटण दाबलं नाही. ती नुसती त्यांच्याकडं पाहत थांबली. मग खांदा हलला, बाहुली वळली आणि दोघं पूर्वीसारखी चालू लागली.

सेनापती मरणार होता. सगळे चिडीचूप. तेवढ्यात पेइयुनच्या कडेवरून दौदौ वाकला आणि त्यानं चिमुकल्या पंजानं माझ्यावर थाप मारली. विदूषक खो खो हसला! आमाचा चेहरा पांढराफटक. पण आकोंगचा डावा हात झपकन खाली गेला आणि विदूषकासह वर आला. मरणाऱ्या सेनापतीच्या छातीवर बसून तो पोट धरून हसू लागला. लोकांनी खुर्च्या बडवल्या. त्साय डोळे पुसत ओरडत होते, "हे नवीन आहे! हे गेल्या वर्षी नव्हतं!"

खेळ संपल्यावर त्साय पडद्यामागं आले. म्हणाले, "आमा, पुढच्या वर्षीची सुपारी आत्ताच घ्या. आणि ते हसणं पुन्हा ठेवा."

"त्या कलाकाराला विचारा," आमा म्हणाली. कलाकार पेंगत अंगठा चोखत होता.

त्या घरात मी अजून आहे. पेइयुन माझी निगा राखते. मधूनमधून धूळ झटकावी तसे जुने हुकूम तपासते आणि माझी एक नक्कल वेगळी जपून ठेवते. रोज सकाळी आकोंग स्टूल ओढून माझ्यासमोर बसतात आणि स्वतःच एखादं बटण दाबतात. योद्धा ललकारतो. दौदौ लॅपटॉपची कडा धरून उभा राहतो आणि बोबड्या, फाटक्या, मोठ्ठ्या आवाजात तसंच ललकारायचा प्रयत्न करतो. आकोंग मान हलवतात. चुकलं. पुन्हा दाबतात. तोही पुन्हा ओरडतो. घरात कुणाला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि कुणी त्यांना थांबवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी गोष्ट सांगत असेल, कुणी गात असेल, कुणी नुसतंच मोठ्यानं रागवत असेल. तो आवाज आजच साठवून घ्या. मी जुनी आहे, राखाडी आहे, हवी तितकी बटणं देईन. आवाज मात्र माझ्या पेटीत नाही. तो तुमच्या घरातूनच यायला हवा.