माझं धुकं आणि गिरिजाबाईंचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना नेब्युलायझर आहे. मुठीत मावेन एवढा. माझ्या पोटातली बारीक जाळी थरथरली की औषधाचं धुकं होतं. माझी माणसं बेशुद्ध असतात, व्हेंटिलेटरच्या नळीतून श्वास घेतात. त्या नळीत बसून मी ते धुकं त्यांच्या छातीत पोहोचवतो. कारखान्यातून निघालो तो थेट जालन्यातल्या एका दवाखान्याच्या आयसीयूत आलो. कितीतरी जणांची घरघर माझ्यामुळे थांबली. मला धुताना संध्या सिस्टर म्हणायच्या, "हा आपला हुकमी गडी."

मागच्या हिवाळ्यात जाफराबादकडच्या गिरिजाबाईंना आणलं. कापूस वेचताना दम्यानं गाठलं होतं. माझ्या धुक्यानं त्यांची छाती हळूहळू मोकळी होत होती. एका दुपारी मुलगा भारत भेटायला आला. आईचे पाय चेपत म्हणाला, "माय, घरचं समदं बराबर हाय. तू बिलकुल काळजी करू नको."

तेवढ्यात अलार्म वाजला. गिरिजाबाईंची छाती फुगली ती फुगलेलीच राहिली. ओठ निळे पडले.

"सिस्टर, माय अशी काहून करून राह्यली?" भारत ओरडला.

संध्या सिस्टरांनी झटकन व्हेंटिलेटरची नळी सोडवली. कोंडलेली हवा बाहेर पडली, छाती खाली बसली. मग हातानं दाबायचा श्वासाचा फुगा जोडून त्या श्वास देऊ लागल्या. डॉक्टर तृप्ती धावत आल्या. श्वास बाहेर जाण्याच्या नळीवरचा फिल्टर काढून त्यांनी उजेडात धरला.

"हा बदलला नव्हता का?"

"नाही मॅडम. त्या आल्यापासून हाच आहे," सिस्टर म्हणाल्या.

"नेब्युलायझरचं औषध साचून हा गच्च तुंबलाय. हवा आत जात होती, बाहेर यायला वाटच नव्हती."

"म्हणजे औषधानंच?" भारत भिंतीला टेकला.

"औषध बरोबर होतं. फिल्टर बदलायचा राहिला. चूक आमची आहे."

मी सुन्न झालो. माझं उरलेलं धुकं बाहेर पडणाऱ्या श्वासाबरोबर तिथं जाऊन साचतं, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. जिला वाचवायला बसलो, तिचाच श्वास मी कोंडला होता.

नवा फिल्टर बसला. काही दिवसांनी नळी निघाली आणि गिरिजाबाई मुलाच्या खांद्याला धरून चालत घरी गेल्या. माझा धक्का मात्र ओसरलेला नाही.

दवाखान्यातल्या मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवता, तसं त्या फिल्टरकडेही वेळेवर बघत जा. पूर्वी मी माणसाची छाती वर येते का, एवढंच पाहायचो. आता ती खाली बसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.