पियानोतला हथखोजचा बोल्ट

"हिम्मत असन तं हा मॅडमच्या पियानोत टाकून दाखव," विक्की म्हने.

"आन इकडं," मोनाली म्हने. एवढंच. विचार नाही, काही नाही. त्याच्या हातातून मले ओढलं अन् जीन्सच्या खिशात कोंबलं.

मले म्हंजे कोनाले? तं मी एक बोल्ट बोलून राहिलो. अडीच इंची, डोक्याले सहा कोपरे, नट पहिल्यापासूनच नाही. रडगानं सांगत नाही, घाबरू नका. लोखंडाले रडता येत नाही. गरम अन् थंड, याच्या पलीकडं मले काही समजतच नाही.

जन्म हथखोजचा. भिलाईच्या बाजूले लहान-लहान कारखाने आहेत, तितं. एका सळाखीचे आम्ही चाळीस भाऊ कापले. डोकं ठोकलं, आटे पाडले, तेलात बुडवलं. शिक्षन म्हनाल तं तेवढंच, अन् माझे आटे तेबी वाकडे पडले. चेकिंगवाल्या बाईनं पाहिलं, "रिजेक्ट" म्हनलं, डब्यात फेकलं. वाईट वाटलं का? नाही. डबा भरलेलाच होता.

विक्कीचा बाप त्याच कारखान्यात. विक्कीनं मले डब्यातून उचललं अन् युनिव्हर्सिटीत आनलं, लेक्चर चालू असताना बेंच वाजवाले. तेच माझं पहिलं काम.

त्या हप्त्यात तितं एक पियानोवाली मॅडम आली. मोठी कलाकार, देशोदेशी वाजवते. पन जुनं नाही, आजकालच्या लोकाईनं लिहिलेलं, एकदम नवीन तऱ्हेचं संगीत. पोट्ट्याईले वाटलं, पिक्चरची गानी होतीन. मॅडमनं पियानोचं झाकन उघडलं, फूटपट्टी घेतली, कागद पाहू-पाहू तारा मोजल्या, अन् तारांच्या मधात बोल्ट, स्क्रू, रबराचे तुकडे बसवाले लागली. तीन घंटे. मंग एक बोट दाबलं तं आतून घंटा वाजली. दुसरं दाबलं तं डब्यावर थेंब पडल्यासारखं. सारे तोंड पाहात राहिले.

मॅडम जेवाले गेली. हॉल सांभाळाले होते गुलाबराव. भिलाईजवळच्या चरोद्याचे, साठीले टेकलेले. सारी जिंदगी पोलादाच्या प्लांटमधी ठेकेदाराच्या हाताखाली मशीन साफ करन्यात गेली. तितला नियम हाडात बसलेला: मशीन चालू कराच्या आधी सुटं सामान दिसलं का काढाचं. त्याईनं पियानोत वाकून पाहिलं.

"अरे बाप रे! इतके बोल्ट सुटले?"

एकूनएक बोल्ट काढला, फडक्यानं पुसला, पेपरवर मापानं लायनीत लावला. मॅडम आली तं छाती फुगवून म्हनले, "मॅडम, सब निकाल दिया. अब कोई टेन्शन नहीं."

मॅडम खुर्चीवर बसूनच गेली. "दादा, वो मैंने ही लगाए थे."

परत तीन घंटे.

सारी युनिव्हर्सिटी हसली. विभागाचे दयाराम साहेब नाही हसले. "गुलाबराव, फिर से पियानो को हाथ लगाया, या किसी को लगाने दिया, तो कल से मत आना."

गुलाबराव "जी" म्हनले.

त्याच हसन्यात विक्कीचं डोकं चाललं. इतक्या बोल्टात एक आपला टाकला तं कोनाले कळन? म्हून ती शर्त. अन् त्याच्याच वर्गातल्या मोनालीनं ती घेतली. शर्त घेतानी मानसाचं डोकं कुठं जाते, मले नाही माहीत. माझं तं भरीव आहे, तरी मी नसती घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोनाली हॉलवर गेली. संध्याकाळी कार्यक्रम होता.

"काकाजी, पाच मिनिटं आत जाऊ द्या ना. पियानोसंग फोटो काढते."

"साहेबानं मना केलं, बाई."

"अवो काकाजी, आपल्या चरोद्याचीच पोरगी आहो मी. रेल्वे क्वार्टरची."

तितं सारे हिंदी बोलतेत. आपल्या बोलीत कोनी काकाजी म्हनलं, तं गुलाबराव पाघळलेच. "जाय. पन हात नको लावजो बरं."

"नाही लावत."

काकाजी पाठ करून दारात उभे राहिले, कोनी येऊन तं नाही राहिलं पाहाले. मोनालीनं मले काढलं, दोन तारांच्या मधात घातलं. मी जाड, घुसत नव्हतो. तिनं अंगठ्यानं दाबलं. तार माझ्या वाकड्या आट्यात चिरत बसली. तारेले दुखलं असन. मले काही नाही.

संध्याकाळी मॅडम वाजवाले लागली. मधातच उभी झाली, एक हात आत घालून तारा छेडू लागली, दुसऱ्या हातानं जोरात पट्ट्या दाबल्या. माझ्या बाजूची तार तुटली अन् सपकन तिच्या अंगठ्यावर बसली. रक्त माझ्यावर पडलं. गरम होतं, एवढंच समजलं.

कार्यक्रम बंद. तीन टाके. महिनाभर वाजवनं नाही. मॅडमनं मले हातात घेऊन पाहिलं, म्हने, "ये मेरा नहीं है. मेरे सब घिसकर चिकने किए हुए हैं."

सारा हॉल गुलाबरावकडं पाहाले लागला.

आज सकाळपासून मी साहेबाच्या टेबलावर आहो. एका बाजूले चहाचा कप, दुसऱ्या बाजूले गुलाबरावनं ठेवलेल्या हॉलच्या चाब्या. समोर मॅडम, अंगठ्याले पट्टी.

"हॉल में कौन गया था?" साहेब तिसऱ्यांदा विचारून राहिले.

"कोई नहीं, साहब."

"मतलब तुमने डाला?"

गुलाबरावनं चाब्या साहेबाकडं आनखी सरकवल्या. राग नाही, रडू नाही. चेहरा पाहून वाटलं, हाबी आमच्यातलाच, सळाखीतून कापलेला.

दाराबाहेर विक्कीचा आवाज आला, "चल ना बे. बुढा तुझं नाव नाही घेऊन राहिला. वाचली तू."

वाचनारे हो, माझी एकच विनंती आहे. मले भट्टीत टाका, वितळवा, काही हरकत नाही. पन दुसऱ्याच्या कामात गंमत म्हून हात घालू नका. मले तोंड असतं तं मी इतंच सांगून मोकळा झालो असतो. ज्याईले तोंड आहे, ते बाहेर उभे आहेत.

दार उघडलं. मोनाली आत आली. साहेबाकडं पाहिलंच नाही तिनं.

"काकाजी, मी आल्ती हे कावून नाही सांगितलं?"

"कायले सांगू?" गुलाबराव म्हनले. "तू तं फोटो काढाले आल्ती."

आत्ता मोनालीले समजलं. त्याईनं तिले वाचवलं नव्हतं. त्याईले तिच्यावर शकच आला नव्हता.

ती टेबलाजवळ आली. मले उचललं. हात बरफासारखा थंड होता.

"मॅडम," ती म्हने, "ये बोल्ट मैंने डाला था. काकाजी को कुछ नहीं मालूम."